न घडलेल्या गोष्टींचं खंडन

सरकीतून तेल काढलं की खाली पेंड उरते. तेल डब्यात भरून बाजारात जातं आणि पेंड मागच्या शेडमध्ये ढिगाने पडून राहते. जनसंपर्क खात्याचंही तसंच आहे. जे छापून येतं ते लोक वाचतात आणि विसरतात. जे छापून येत नाही ते आमच्याकडे साचत जातं. चार मित्र जमले, चहा झाला, की कोणीतरी म्हणतंच, "बोरसे, होऊ द्या एखादा किस्सा!" आणि एखाद्यावर कधी भागत नाही.

तर मी जळगावला एका तेल मिलमध्ये जनसंपर्क अधिकारी होतो. काळ नव्वदच्या आगेमागेचा. 'सोनसरकी' हा आमचा ब्रँड. हेड ऑफिस जळगावला, कारखाना धुळ्याला आणि दोन्हीकडे हुकूम एकाच माणसाचा, तो म्हणजे आमचे मॅनेजिंग डायरेक्टर भाऊसाहेब. माणूस दिलदार, कष्टाळू आणि नव्या गोष्टींचा भलताच शौकीन! त्याआधी मी एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या भानगडी छापत होतो. इथे आल्यावर आपल्या भानगडी छापून न येऊ देणं हे काम झालं. कात्री तीच होती, फक्त बाजू बदलली होती.

*

मिलमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्रश्न पडला, ठेवायचा कुठे? अकाउंट्सवाले म्हणाले, आमच्याकडे, कारण आकडे आमचे. स्टोअर्सवाले म्हणाले, आमच्याकडे, कारण कुलूप आमचं. भाऊसाहेबांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो माझ्या खात्यात ठेवला!

"बोरसे, पाहुणे आले की तुमच्याकडेच येतात. त्यांना दिसला पाहिजे!"

झालं. माझ्या टेबलाशेजारी काचेची केबिन उभी राहिली. अख्ख्या ऑफिसात पहिला एसी लागला, तो माणसांना नाही, कॉम्प्युटरला. दाराबाहेर पाटी आली, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.' पाहुणे चपला काढून आत जायचे आणि बहुतेक जण हात जोडूनच बाहेर यायचे.

तो चालवायला सुनंदा तायडे नावाची मुलगी आली. चाळीसगावहून रोज पॅसेंजरने यायची. वडील रेल्वेत गँगमन होते, रिटायर झालेले. पाठचे दोघे भाऊ शिकत होते. संध्याकाळी घरी गेली की बुद्धविहारात वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. कामात चोख, बोलायला कमी, पण जे बोलायची ते असं की समोरच्याला दुपारपर्यंत पुरायचं. नोकरी मात्र टेंपररी. तीन महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा ब्रेक, पुन्हा तीन महिन्यांची ऑर्डर. कायम होणं ही एकच गोष्ट तिला हवी होती आणि ती द्यायची की नाही हे भाऊसाहेबांच्या एका सहीवर होतं.

पहिल्याच महिन्यात भाऊसाहेबांचे व्याही साक्रीहून मिल बघायला आले. केबिनमध्ये उभे राहून त्यांनी कॉम्प्युटर नीट निरखला.

"हे काय काम करतं?"

"सगळं!" भाऊसाहेब म्हणाले.

"मग ही मुलगी काय करते?"

भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. मग म्हणाले, "ती त्याच्या मदतीला आहे."

*

भाऊसाहेब मुंबईला एका सेमिनारला जाऊन आले. विषय होता, 'उद्योगांवरची संकटं आणि माहितीची सुरक्षितता.' सेमिनारहून ते एक लेदरची फाइल आणि दोन नवे शब्द घेऊन आले, 'पासवर्ड' आणि 'क्रायसिस.' सोमवारी सकाळी मला बोलावणं.

"बोरसे, आपल्या कॉम्प्युटरला पासवर्ड आहे?"

"नाही, साहेब."

"मग काय, धर्मशाळाच की!"

कॉम्प्युटर माझ्या खात्यात, म्हणजे त्याची राखणही माझ्याच गळ्यात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण जनसंपर्कवाल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर ठामपणे बोलायची सवय असते, म्हणून मी मान डोलावली. पासवर्ड भाऊसाहेबांनीच ठरवला. स्वतःचं नाव! कारण विचारलं तर म्हणाले, "माझं नाव घ्यायची इथे कोणाची छाती आहे?"

आता पासवर्ड ठरला म्हणजे तो कळवायला नको? आमच्या ऑफिसात कुठलीही गोष्ट कळवायची एकच रीत होती, परिपत्रक. त्याप्रमाणे परिपत्रक निघालं. वर लाल शाईत 'अत्यंत गोपनीय', खाली जावक क्रमांक आणि शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून नऊ खात्यांची नावं. त्यात कँटीन होतं, गेटवरचं वॉच अँड वॉर्ड होतं आणि नोटीस बोर्डही होता! प्रत्येकाकडून पोच म्हणून सही घेतली होती. सुनंदा ते टाइप करताना एवढंच म्हणाली, "साहेब, यापेक्षा दारावर लिहिलं असतं तर कागद वाचला असता."

धुळ्याच्या फॅक्टरी मॅनेजरची प्रत मात्र टपालात अडकली. त्यांचा फोन आला. लाइन इतकी खराब की ते तिकडून ओरडायचे आणि मी इकडून. मी दोनदा पासवर्ड सांगितला. तिसऱ्यांदा रिसेप्शनपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितला. तरी त्यांचं आपलं "हॅलो, हॅलो!"

रिसेप्शनमध्ये एक डीलर बसले होते. ते उठून दारात आले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "साहेब, कशाला घसा फोडता? मी उद्या धुळ्याला चाललोच आहे. तिथे सांगतो ना पासवर्ड!"

*

सेमिनारचा दुसरा शब्द 'क्रायसिस.' त्याचं भाऊसाहेबांनी फार मनावर घेतलं होतं.

"संकट येतं तेव्हा माणूस गडबडतो आणि भलतंच बोलून बसतो. म्हणून खुलासा आधीच तयार पाहिजे. संकट आलं की नुसती तारीख घालायची आणि पाठवून द्यायचं!"

खरं सांगायचं तर ही कल्पना चांगली होती. आज मोठमोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्याबद्दल एकमेकांना बक्षिसं देतात. पण आमच्याकडे ती राबवायला सगळ्या खात्यांची मीटिंग बोलावली आणि प्रत्येकाने आपापलं संकट सांगायचं ठरलं. एरवी मीटिंगमध्ये डुलक्या काढणारी माणसं त्या दिवशी अशी खुलली की बस! आग लागेल. तेलाची टाकी फुटेल. भेसळीची आवई उठेल. संप होईल. कॉम्प्युटरमधली माहिती चोरीला जाईल. कँटीनच्या मॅनेजरने तर उसळीतून विषबाधा होईल म्हणून सांगितलं. सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे, होऊ शकते. मी आपलं उदाहरण दिलं!"

प्रत्येक संकटाचं एकेक खंडन मी लिहिलं. 'दिनांक ---- रोजी आमच्या मिलमध्ये आग लागल्याचे वृत्त निराधार आहे', 'दिनांक ---- रोजी आमच्या संगणकातील माहिती चोरीस गेल्याचे वृत्त खोडसाळ आहे', असं. आणि भाऊसाहेबांच्या आग्रहावरून प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ, 'तथापि दोषी कर्मचाऱ्यास कामावरून दूर करण्यात आले आहे.'

सुनंदाने ते सगळे खुलासे टाइप केले. मग कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "साहेब, काही घडलंच नाही, तर दोषी कोण?"

"ते वेळेवर ठरेल."

"आगीचं वेळेवर ठरेल. भेसळीचंही ठरेल. पण या कॉम्प्युटरवर मी एकटीच बसते. म्हणजे या कागदावरची रिकामी जागा आधीच भरलेली आहे."

मी हसण्यावारी नेलं. "तुम्ही फार विचार करता, तायडे," असंही काहीतरी म्हणालो. पण मला लाज वाटली, ती अजून आठवते. कारण ती बोलली ते खरं होतं आणि ते लिहिणारा हात माझा होता.

*

खुलाशांची फाइल तयार झाली. भाऊसाहेब म्हणाले, "सह्याही करून ठेवा. ऐन वेळी तुम्ही रजेवर असलात तर?" मी सगळ्यांवर सह्या केल्या आणि फाइल टेबलावर ठेवून जेवायला गेलो.

आमच्याकडे आबा नावाचे जुने शिपाई होते, भडगावकडचे. प्रेसनोट पोहोचवणं त्यांचं काम. माझी सही झालेला कागद दिसला की पिवळ्या पाकिटात घालायचा, जळगावच्या पेपरांना सायकलवरून द्यायचा आणि धुळ्याचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती सोपवायचं. वीस वर्षांत त्यांची एक प्रेसनोट चुकली नव्हती. त्या दिवशीही चुकली नाही.

बरं, आबा माणूस न्यायी. सगळ्या पेपरांना एकच बातमी दिली की वार्ताहर कुरकुर करतात, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलेलं. एवढे वेगवेगळे कागद बघून त्यांना बरंच वाटलं. त्यांनी प्रत्येक पेपरला एकेक निराळी बातमी वाटली!

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या एका पेपरात आमच्या मिलला आग लागली नव्हती. दुसऱ्यात आमच्या तेलात भेसळ झाली नव्हती. तिसऱ्यात कँटीनमध्ये विषबाधा झाली नव्हती. आणि धुळ्याच्या पेपरात आमच्या कॉम्प्युटरमधल्या माहितीची चोरी झाली नव्हती. सगळीकडे दोषी कर्मचाऱ्याला मात्र काढून टाकलं होतं. तारखेच्या जागी रेघा तशाच.

दहा वाजेपर्यंत ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. खंडन छापून आलं म्हणजे काहीतरी शिजलंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. डीलर आले, युनियनवाले आले, साक्रीहून व्याह्यांचा फोन आला. एक गृहस्थ तर काढून टाकलेल्या माणसाच्या जागेवर आपल्या पुतण्याचा अर्ज घेऊन आले!

मी आबांना बोलावलं. माझा पारा चढलेला. आबा शांत.

"सायेब, सही करेल कागद टेबलवर ऱ्हावाले नको, आसं तुम्हीनच सांगेल व्हतं ना!"

मी सांगितलंच होतं.

धुळ्याचे ज्येष्ठ वार्ताहर नाना दुपारच्या एसटीने खास आले. पंचा खांद्यावर, वही हातात. गप्पा मारताना नाना अहिराणीवर घसरायचे आणि चिडले की अहिराणी सोडायचेच नाहीत. त्यांनी पेपर माझ्यापुढे उलगडला आणि तारखेच्या रेघांवर बोट ठेवलं.

"बोरसेभाऊ, चोरी व्हयनी नही, हाई बराबर. पन कव्हय व्हयनी नही, ते तरी लिखा!"

*

मग खरंच एक संकट आलं. भाऊसाहेबांचे मेहुणे मुंबईहून आले, येताना कॉम्प्युटरवर खेळायच्या बुद्धिबळाची फ्लॉपी घेऊन आले. सुनंदा म्हणाली, "साहेब, बाहेरची फ्लॉपी लावू नये म्हणतात." मेहुणे म्हणाले, "बाहेरची कुठे? घरातलीच आहे!" दुपारभर मेहुणे आणि भाऊसाहेब बुद्धिबळ खेळले.

चार दिवसांनी चाळीसगाव भागातले डीलर मिल बघायला आले. केबिनभोवती ही गर्दी. सुनंदाने डीलरांची यादी पडद्यावर आणली. भाऊसाहेब सांगू लागले, "बघा, तुम्हा सगळ्यांची नावं इथे..." आणि तेवढ्यात पडद्यावरची अक्षरं एकेक करून सुटली आणि टपाटप खाली पडायला लागली! झाडाखाली बोरं पडावीत तसा तळाशी अक्षरांचा ढीग झाला.

सुनंदाचा चेहरा पांढराफटक. पण भाऊसाहेब? एक क्षणसुद्धा न दवडता म्हणाले, "ही नवीन सोय आहे!"

डीलरांनी टाळ्या वाजवल्या.

तो व्हायरस होता, हे पुण्याचा इंजिनियर येऊन सांगून गेला. त्याने मशीन पुसून कोरं केलं. सुनंदाने रजिस्टरं समोर घेऊन सगळ्या याद्या पुन्हा भरल्या, तीन आठवडे मान वर न करता. आणि चौथ्या आठवड्यात तिला मेमो मिळाला, 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे संगणकात दोष उद्भवला.' मेहुण्यांचा त्यात उल्लेख नव्हता. मेमो मीच लिहिला होता, भाऊसाहेबांनी सांगितला तसा. तिने तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "साहेब, मराठी तुमची चांगली आहे."

पुढच्या महिन्यात भडगावकडचे डीलर आले. त्यांनी कॉम्प्युटर पाहिला आणि नाराज झाले. "चाळीसगाववाल्यांना अक्षरं पाडून दाखवली. आम्ही काय घोडं मारलंय?"

*

व्हायरसनंतर भाऊसाहेबांनी 'संगणक सुरक्षा सप्ताह' जाहीर केला. कारखान्यात औद्योगिक सुरक्षा सप्ताह व्हायचा, त्याच धर्तीवर. कापडी बॅनर, छातीला बिल्ले, सकाळी शपथ. कॉम्प्युटरला हार घातला. हाराचं पाणी आत जाऊ नये म्हणून तो आठवडाभर बंद ठेवला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत तो एवढाच काळ पूर्ण सुरक्षित होता.

सप्ताहाला प्रसिद्धी मिळावी म्हणून मी घोषवाक्य स्पर्धा घेतली. सर्वांसाठी खुली, प्रवेश मोफत. पहिलं बक्षीस वळणदार अक्षराच्या एका तरतरीत गृहस्थाला मिळालं. त्यांचं घोषवाक्य खरंच छान होतं, 'गुपित ठेवा उरात, मिल राहील जोरात.' बक्षीस काय, तर संगणक कक्षात अर्धा तास सन्मानाने फेरफटका! भाऊसाहेबांनी स्वतः फिरवलं, सगळं उघडून दाखवलं, चहा पाजला. निघताना मी पेपरात द्यायला म्हणून त्यांचं नाव-गाव विचारलं. नोकरी कुठे करता, तेही विचारलं.

ते आमच्या समोरच्या मिलमध्ये हेडक्लार्क होते.

*

आता शेवटचा. हा सांगितला की मी गप्प बसतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी तेलाचा घाणा निघतो म्हटलं तरी चालेल, इतकं तळण होतं. लेकी माहेरी आलेल्या असतात, पुरणपोळ्या असतात, सांजोऱ्या असतात. तेल मिलचा सगळा हंगाम त्या आठ दिवसांत. त्या वर्षी भाऊसाहेबांनी योजना आखली, 'आखाजी जग योजना.' तेलाच्या डब्यांवर स्टीलचा जग मोफत. कमालीचं गुपित! माहिती फक्त तिघांना होती. भाऊसाहेबांना, मला आणि डीलरांची पत्रं टाइप करणाऱ्या सुनंदाला. जगांची ऑर्डरसुद्धा भाऊसाहेबांनी भांड्यांच्या दुकानात स्वतः जाऊन दिली, दुसऱ्या कोणावर सोडली नाही.

आमची योजना जाहीर व्हायच्या आठ दिवस आधी समोरच्या मिलने योजना जाहीर केली. तेलाच्या डब्यांवर स्टीलचा जग मोफत!

भाऊसाहेब असे भडकलेले मी कधी पाहिले नव्हते. मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"बोरसे, मी बोललो नाही. तुम्ही बोललात?"

"नाही, साहेब."

"मग राहिलं कोण?"

मी म्हणालो, "साहेब, पासवर्ड तर कँटीनलाही माहीत आहे." ते म्हणाले, "कँटीनला टाइप करता येतं का?" मी म्हणालो, आधी चौकशी करू. ते म्हणाले, चौकशी होईल तोवर आखाजी निघून जाईल. डीलर विचारत होते, तुमच्याकडचं काहीच गुप्त राहत नाही का? त्यांना उत्तर हवं होतं. म्हणून भाऊसाहेबांचा हुकूम सुटला, पत्रकार परिषद बोलवा, दोषी सापडला म्हणून सांगा, कामावरून काढलं म्हणून सांगा आणि विषय संपवा.

निवेदन मी लिहिलं. ते टाइप करायला कॉम्प्युटर एकच आणि ऑपरेटरही एकच. मी कागद सुनंदापुढे ठेवला आणि तिच्याकडे न बघता उभा राहिलो. तिने सगळं वाचलं.

"'संबंधित ऑपरेटर' ठेवू, की नाव घालू?"

"संबंधितच ठेवा," मी म्हणालो.

"नाव घाला साहेब. चाळीसगावात कळणारच आहे. वडील पेपर वाचतात. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

मी नाव घातलं नाही. पण 'टाइप करू नका' असंही म्हणालो नाही. निवेदन टाइप झालं, प्रती निघाल्या, टाचण्या लागल्या. एक चूक नव्हती त्यात.

पत्रकार परिषद हेड ऑफिसमध्ये, कॉम्प्युटरच्या केबिनला लागून असलेल्या हॉलमध्ये होती. जळगावचे सगळे वार्ताहर आले, धुळ्याहून नाना आले. शेव, जिलेबी, चहा झाला. काचेपलीकडे सुनंदा कॉम्प्युटरसमोर ताठ बसली होती. मशीन बंद होतं. भाऊसाहेब उभे राहिले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आमच्या आखाजी जग योजनेचं गुपित आतल्या माणसाकडून फुटलं. ते कोणी फोडलं, हे आम्हाला सापडलं आहे."

नानांनी जिलेबी बशीत ठेवली.

"भाऊसाहेब, रागे भरू नका. पन हाई गुपित ते बठ्ठा गावले माहीत शे!"

"सगळ्या गावाला? कसं काय?"

"तुमनी पोरना लगीनमा जो जग भेटना, त्यावरच ते लिखेल शे ना!"

भाऊसाहेबांच्या धाकट्या मुलीचं लग्न धुळ्याला झालं होतं, नुकतंच फाल्गुनात. वऱ्हाडी मंडळींना परतभेट म्हणून एकेक स्टीलचा जग दिला होता, खोक्यात बंद करून. त्याच दुकानातून. गुप्ततेसाठी दोन्ही ऑर्डरी भाऊसाहेबांनी एकाच चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिल्या होत्या. भांड्यांवर नाव घालणाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि सगळ्याच जगांवर तेच नाव घातलं, 'सोनसरकी आखाजी जग योजना.' लोकांनी खोकी घरी नेऊन उघडली. आणि आहेराच्या भांड्यावर काय लिहिलंय, हे यजमानाला सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

"माझ्याकडेही आहे," जळगावचे एक वार्ताहर हळूच म्हणाले. "आम्हाला वाटलं, भाऊसाहेब मुलीच्या लग्नातसुद्धा जाहिरात करतात."

"समोरच्या मिलचे शेठ तर पहिल्याच पंगतीला होते," दुसरे म्हणाले. "जाताना दोन नेले त्यांनी."

भाऊसाहेब खाली बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "बोरसे, आजची पत्रकार परिषद आपण कशासाठी बोलावली होती?"

निवेदनाच्या प्रती माझ्या मांडीवर होत्या. मी त्यांच्यावर वही ठेवली आणि उभा राहिलो. इतकी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहीत होतो. त्या दिवशी कोणी न सांगितलेलं बोललो.

"मंडळी, आमच्या मिलच्या पहिल्या कॉम्प्युटर ऑपरेटर सुनंदा तायडे यांना आजपासून सेवेत कायम करण्यात येत आहे. हे जाहीर करण्यासाठी भाऊसाहेबांनी आपल्याला बोलावलं आहे."

नानांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. भाऊसाहेब माझ्याकडे बघत राहिले, टाळ्यांकडे बघत राहिले, आणि शेवटी त्यांनीही दोन्ही हात जवळ आणले.

"ऑर्डर दाखवा की!" नाना म्हणाले. "फोटो काढू, सही करताना."

आता ऑर्डर कुठून आणणार? मी काचेपलीकडे बघितलं. सुनंदा कधी उठली कळलं नाही. ती आत आली, भाऊसाहेबांपुढे एक कागद ठेवला. मिलचं लेटरहेड, व्यवस्थित टाइप केलेली ऑर्डर, कडा जराशा पिवळ्या पडलेल्या.

भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढ्यात टाइप झाली?"

"नाही, साहेब," सुनंदा म्हणाली. "ही मी रुजू झाले त्याच दिवशी टाइप करून ठेवली होती. तुमची सही तेवढी राहिली होती."